मुळ्याला पाणी सुटेपर्यंत

बिअर मिळते अशा ठिकाणी मी पहिल्यांदा पाऊल ठेवलं ते वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, आणि तेही हातात चार पुडांचा स्टीलचा डबा घेऊन. खालच्या पुडात थालीपिठं, त्यावर कोथिंबीर वडी, त्यावर काकडीची कोशिंबीर आणि सगळ्यात वर लसणीची चटणी. फाटकापाशी आले आणि पाय अडखळले. लेक पुढे निघून गेली होती, ती मागे वळली.

"आई, चल ना."

"अगं, पण डबा?"

"डब्यासाठीच तर आलोय."

माझं अडखळणं मुंबईकरांना समजावून सांगायला नको. बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणण्यास सक्त मनाई आहे, ही पाटी वाचत आपण म्हातारे झालो. एकदा सिनेमाला गेले असताना दारावरच्या मुलीनं माझ्या पर्समधून शेंगदाण्याच्या लाडवांची पुडी काढून टेबलावर ठेवली होती. तिथे आधीच दोन केळी आणि कुणाचीतरी चकल्यांची पिशवी पडलेली. तेव्हापासून पाटी दिसली की माझा हात आपोआप पर्सवर जातो. इथे मात्र हजारो माणसं झाडांखाली लांबलचक बाकांवर बसली होती आणि निम्म्या टेबलांवर घरचे डबे उघडे होते.

हे जर्मनीतल्या म्युनिकमधलं ऑगुस्टिनर-केलर नावाचं बिअर गार्डन. मुख्य रेल्वे स्टेशनपासून चालत दहा-पंधरा मिनिटं. आमची लेक या शहरात सहा वर्षं राहते. पहिल्या खेपेला आम्ही राजवाडे, तळी, डोंगर सगळं उरकलं होतं. या खेपेला ह्यांचे गुडघे कुरकुरत होते आणि नातू अडीच वर्षांचा होता, त्यामुळे जूनच्या तीन आठवड्यांत काही बघायचं नाही, नुसतं बसायचं, असं ठरलं. मुंबईत पाऊस सुरू झाल्याचे व्हिडिओ नातेवाईक रोज पाठवत होते. आम्ही चेस्टनटच्या सावलीतून त्यांना अंगठे दाखवत होतो.

माझ्याबद्दल दोन ओळी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी विलेपार्ल्याची. ज्युनिअर कॉलेजात चौतीस वर्षं फिजिक्स शिकवलं. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक परमिट रूम होती. काळ्या काचा, आत मंद दिवा, दारात पडदा. तिच्यासमोरून आयुष्यभर ये-जा केली, पण पडद्यामागे काय आहे ते कधी पाहिलं नाही. हे मालवणचे, बँकेतून निवृत्त, आणि महिन्यातून एकदा मित्रांबरोबर तिथे बसणारे. घरी आले की बडीशेप चघळत थेट आंघोळीला. या विषयावर आमच्यात पस्तीस वर्षांत एकदाही बोलणं झालेलं नाही. आपल्या राज्यात मुळात प्यायलाच परवाना लागतो. १९४९चा दारूबंदी कायदा अजून आहे, बिअरला वय २१ आणि बाकीच्याला २५. परवाना किती जणांच्या खिशात असतो ते सोडा, पण 'परमिट रूम' हा शब्द तिथूनच आला. परवानगी असलेली खोली. खोलीच म्हणायची ती, म्हणजे बाहेरून कुणी दिसायला नको.

आणि इथे भर उन्हात, आभाळाखाली, एक आजीबाई एका लिटरचा मग दोन्ही हातांनी उचलत होत्या. शेजारी त्यांचा पणतू वाटावा असा मुलगा वाळूत खड्डा खणत होता. बहुतेक बिअर गार्डनांत मुलांसाठी घसरगुंडी-झोपाळे असतात, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तरी मी विश्वास ठेवला नसता.

डब्याची गोष्ट जावयानं सांगितली. म्युनिक ज्या प्रांतात आहे त्या बव्हेरियात पूर्वी उन्हाळ्यात बिअर गाळायला बंदी होती. सोळाव्या शतकात ड्यूकनं हुकूमच काढला होता की हे काम २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढ्याच काळात करायचं. उन्हाळ्यात भट्ट्यांमुळे आगी लागायच्या, शिवाय उकाड्यात बिअर नासायची. मग उन्हाळाभर पुरेल एवढी आधीच करून ठेवायची आणि जमिनीखालच्या तळघरांत साठवायची. तळघर गार राहावं म्हणून वर चेस्टनटची झाडं लावायची. पानं रुंद, सावली दाट, आणि मुळं खोल जात नाहीत, त्यामुळे तळघराच्या कमानी फुटत नाहीत. झाडांखाली बारीक खडी पसरायची. लोकांना ती सावली आवडली. एवढी गार बिअर पायाखाली आहे तर इथेच प्यावी की, म्हणून बाकं आली. झालं, शहरातल्या खाणावळवाल्यांचं गिऱ्हाईक तुटायला लागलं आणि ते राजाकडे गेले. ४ जानेवारी १८१२ रोजी राजा पहिला मॅक्सिमिलियन यानं निवाडा दिला. बिअरवाल्यांनी जून ते सप्टेंबर आपल्या तळघरापाशी बिअर खुशाल विकावी, पण पावाखेरीज खायला काही देऊ नये.

लोकांनी काय केलं? घरून डबा आणला.

पुढे जेवण विकायचीही मुभा मिळाली, पण डब्याची रीत सुटली नाही. आता तर १९९९च्या सरकारी नियमावलीतच लिहिलंय की खरं बिअर गार्डन तेच, जिथे झाडं आहेत आणि जिथे घरचं खायला आणता येतं. टेबलावर कापड अंथरलेलं असेल तर तिथे वेटर येतो, तिथलंच मागवायचं. टेबल उघडं असेल तर डबा काढा. बिअर मात्र त्यांचीच घ्यायची. "आई, तुझ्या थालीपिठांना राजाची परवानगी आहे," लेक म्हणाली. त्या राजाला मी मनातल्या मनात एक वडी ठेवली.

आमच्या टेबलावर आधीच एक जोडपं बसलं होतं, सत्तरीचं. इथे जागा धरून ठेवणं नाही. "हीर नॉख फ्राय?" असं विचारायचं, म्हणजे इथे जागा आहे का, आणि टेकायचं. लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी "थोडं सरकता का" म्हणतो तसंच, फक्त इथे समोरचा हसून सरकतो. त्या बाईंनी पिशवीतून चौकटीचं टेबलक्लॉथ काढून आपल्या अर्ध्या टेबलावर अंथरलं. त्यावर लाकडी पाट, सुरी, मिठाची डबी, पाव, आणि मनगटाएवढा जाड पांढरा मुळा.

मी मुळा बघितला आणि माझं बाकी सगळ्यातलं लक्ष उडालं.

त्यांनी एक छोटं, मळसूत्रासारखं पातं काढलं, मुळ्याच्या बुडाशी रोवलं आणि सावकाश फिरवायला लागल्या. पातं आत आत गेलं. पूर्ण फिरवून झाल्यावर त्यांनी मुळ्याची दोन टोकं धरून अलगद ओढली, तर मुळा अख्खाच्या अख्खा स्प्रिंगसारखा उलगडला. कुठे तुटला नाही की चीर पडली नाही. वर्गात स्प्रिंगचा स्थिरांक शिकवताना दाखवावा असा. मग चिमटीनं प्रत्येक वेढ्यात मीठ सोडलं, स्प्रिंग पुन्हा मिटली, मुळा पाटावर उभा केला आणि हात पुसून बिअरचा घोट घेतला. काकांनी हात पुढे केला, तर बाईंनी त्यावर एक चापट मारली. काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणाल्या गं?"

"मुळा रडायला हवा, त्याआधी हात लावायचा नाही."

"रडायला?" हे म्हणाले. "पाणी सुटायला हवं, असं म्हणतायत त्या."

बरोबर. मीठ बाहेर, पाणी आत, मध्ये पेशींचं पातळ आवरण, मग पाणी बाहेर येणारच. आमच्या सासूबाई हेच करायच्या. मुळा किसून, मीठ लावून ताटलीत तिरका ठेवायच्या आणि कुणी लुडबुड केली की हातावर चापट. फरक इतकाच की आपण ते पाणी पिळून टाकतो किंवा थालीपिठाच्या पिठात घालतो, आणि इथे ते पाटावर ओघळतं आणि वेढा तोडून तसाच तोंडात जातो. दहा-बारा मिनिटं गेली असतील. पाटावर पाण्याचं छोटं तळं झालं. बाईंनी पहिला वेढा मला दिला.

तिखटपणा गेलेला, करकरीत, खारट. त्यावर बिअर का लागते ते लगेच कळलं.

मी कोथिंबीर वड्यांचा पूड त्यांच्याकडे सरकवला. काकांनी एक खाल्ली, मग दुसरी, मग विचारून तिसरी. पीठ कसलं, असा प्रश्न आला. बेसनाला जर्मनमध्ये काय म्हणायचं यावर लेक आणि जावई यांच्यात चर्चा झाली आणि शेवटी 'किखरएर्ब्सन', म्हणजे छोले, यावर मिटलं. कोथिंबीर स्टेशनजवळच्या तुर्की दुकानातून आणलेली होती, भाजणी पार्ल्याहून. बाईंनी लोणी आणि चीज कांद्यात, लाल मिरचीच्या पुडीत मळलेला नारिंगी गोळा पुढे केला. त्याला ओबाट्झ्डा म्हणतात. मिरची नावापुरतीच. त्यावर मी लसणीची चटणी भुरभुरली आणि काकांनी डोळे मिटले. ते आनंदानं की तिखटानं, हे विचारलं नाही.

मी घेतलं ते राडलर. अर्धी बिअर, अर्धं लेमनेड. राडलर म्हणजे सायकलवाला. सायकलवाल्यांनी पिऊन पडू नये म्हणून पातळ केलेली, असं जावयानं सांगितलं. चव म्हणाल तर लिंबू सरबत थोडं बिघडल्यासारखी, पण वाईट नाही. ह्यांनी 'मास' घेतला, म्हणजे पूर्ण एक लिटर. दहा युरोच्या वर, म्हणजे हजाराच्या घरात. रुपयांत हिशोब करायचा नाही असा लेकीचा नियम होता, आम्ही तो मनात मोडत होतो. पस्तीस वर्षांत ह्यांना बिअर पिताना मी पहिल्यांदा पाहत होते. फार सावकाश पितात. मिशीला फेस लागतो आणि तो त्यांना कळत नाही.

दुसऱ्या दिवशीपासून तसाच क्रम लागला. सकाळी नातवाला घेऊन बागेत, दुपारी झोप, संध्याकाळी डबा. इथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे संध्याकाळ संपतच नाही.

इंग्लिश गार्डन ही शहराच्या मधोमध असलेली बाग. बाग म्हणणं खरं तर चूक आहे. ३७५ हेक्टर. शिवाजी पार्कसारखी तीसहून जास्त मैदानं त्यात मावतील. ओढे, कुरणं, झाडी, एक तळं, आणि कुठेही 'गवतावर चालू नये' नाही. पहिल्या दिवशी मी पायवाट सोडायलाच तयार नव्हते. नातू धावत सुटला तेव्हा त्याच्यामागे नाइलाजानं गवतात उतरले आणि आजूबाजूला शिट्टीवाला आहे का ते बघितलं. एका ओढ्यावर पाणी उसळून लाट तयार झाली होती आणि काळे रबरी कपडे घातलेली मुलं फळ्या काखेत धरून काठावर रांगेत उभी. एकेक जण लाटेवर उडी मारायचा, अर्धा मिनिट डोलायचा, पडायचा, वाहत जायचा आणि परत रांगेच्या शेवटी येऊन उभा राहायचा. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर लांब. हे अर्धा तास तिथून हलेनात.

पुढे एका कुरणात माणसं ऊन खात पडली होती. जवळ गेल्यावर लक्षात आलं की त्यांच्या अंगावर काहीही नाही. चक्क काहीही नाही. ह्यांनी लगेच खिशातून नकाशा काढला आणि तो इतका एकाग्रतेनं वाचायला लागले की तो उलटा धरलाय हे मला सांगावं लागलं. जावई शांतपणे म्हणाले, "इथे चालतं, आई." मी म्हटलं, "चालू दे. आपण चालायला लागू."

या बागेनं मला खरा धक्का दिला तो वेगळाच. बाग काढली कुणी, म्हणून मी सहज विचारलं. जावयानं फोनवर वाचून दाखवलं, १७८९, बेंजामिन थॉम्पसन, पुढे काउंट रम्फर्ड.

"कोण?"

"रम्फर्ड."

मी त्या बाकावर सरळच बसले. चौतीस वर्षं मी हे नाव फळ्यावर लिहिलंय! उष्णता हा वस्तूत भरलेला द्रव नाही, ती गती आहे, हे ज्यानं तोफांच्या कारखान्यात दाखवलं तो रम्फर्ड. तोफेच्या नळीला भोक पाडताना धातू तापतो, हे बघून त्यानं नळी पाण्याच्या पेटीत बुडवली, घोड्यांकडून ती बोथट गिरमिटावर फिरवत ठेवली आणि अडीच तासांनी ते पाणी उकळलं. विस्तव नाही, काही नाही. बघणारे थक्क झाले, असं त्यानं स्वतःच १७९८ साली लिहून ठेवलंय. ते सगळं याच शहरात घडलं. मी दरवर्षी तो प्रसंग रंगवून सांगायचे, मुलं जांभया द्यायची, पण हा गृहस्थ बव्हेरियाच्या सैन्याचा कारभार बघायला आलेला अमेरिकन होता, भिकाऱ्यांसाठी बटाटा घालून सूप करायचा, आणि सवड काढून त्यानं लोकांसाठी ही एवढी बाग आखायला लावली, यातलं आमच्या पाठ्यपुस्तकात अक्षर नव्हतं. बागेत त्याचं जुनं दगडी स्मारक आहे. तिथे मी नातवाला घेऊन जाऊन आले. त्याला म्हटलं, नमस्कार कर, आजीचे मास्तर आहेत. त्यानं केला.

बागेच्या मध्यावर चिनी मनोरा आहे, पाच मजली, लाकडी. मूळचा १७९०चा, पण युद्धात १९४४ साली जळला आणि १९५२ मध्ये पुन्हा उभारला. त्याच्याभोवती सात हजार माणसं बसतील एवढी बाकं. मनोऱ्याच्या मजल्यावर चामड्याच्या चड्ड्या घातलेले वादक पितळी वाद्यं वाजवत होते. गिरगावातला बँड डोळ्यांसमोर आला, फक्त इथे कुणी नाचत नाही, तालावर फार तर बिअरचे मग हलतात.

आता आमची फजिती. कुठे झाली ते सांगत नाही. एका संध्याकाळी एका बिअर गार्डनमध्ये सगळीकडे गर्दी आणि कोपऱ्यात एक मोठं टेबल अगदी रिकामं. आम्ही खूश. डबा उघडला, पहिला घास घेतला, तेवढ्यात एक एक करून चार आजोबा आले आणि आमच्याभोवती उभे राहिले. बोलेनात, जाईनात. मग त्यांतल्या एकानं टेबलावर टांगलेल्या पितळी पाटीकडे बोट दाखवलं. 'श्टामटिश'. म्हणजे ठरलेल्या मंडळींचं ठरलेलं टेबल. कट्टाच म्हणा. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सकाळी सहा वाजता आपण एखाद्या ज्येष्ठ मंडळाच्या जागेवर जाऊन बसलो तर जसे चेहरे होतील, तसेच चेहरे. आम्ही डबा तसाच उचलून पळालो. त्या गडबडीत ह्यांच्या खिशातला, बिअरच्या मगासाठी ठेवलेल्या अनामत रकमेचा बिल्ला पडला. बिल्ल्याशिवाय पैसे परत नाहीत, असं खिडकीतल्या मुलानं तीनदा सांगितलं. रक्कम अगदी मामुली, पण बँकेत जन्म काढलेला माणूस. "मग हा मगही परत देणार नाही," म्हणून हे अडून बसले. लेकीनं तो मग ह्यांच्या हातून काढून घेऊन खिडकीत ठेवला. घरी जाईपर्यंत कुणी काही बोललं नाही.

हिर्शगार्टनमध्ये याची भरपाई झाली. बसायला आठ हजार जागा, शहरातलं सगळ्यात मोठं, आणि कुंपणापलीकडे खरोखरीची हरणं. तिथे बिअरचा मग आपणच लाकडी मांडणीवरून उचलायचा, हौदावर गार पाण्यानं विसळायचा आणि मग नळापाशी जायचं. ज्या माणसानं पार्ल्याच्या घरात स्वतःचा चहाचा कप कधी विसळला नाही, तो एका लिटरचा काचेचा मग उलटासुलटा करून मन लावून धूत होता. मी फोटो काढला आणि सासरच्या ग्रुपवर टाकला. नणंदेचं उत्तर मिनिटात आलं, "दादा बरा आहे ना?"

तिथेच ह्यांना मालवण भेटलं. निखाऱ्यांच्या लांबलचक चरावर, काठीला टोचलेले अख्खे बांगडे तिरके रोवून भाजत होते. श्टेकरलफिश. वास आला तसे हे बोलत बोलत मध्येच थांबले आणि वासाच्या दिशेनं चालू लागले. मी शाकाहारी घरातली, मासे लग्नानंतर शिकले, पण बांगड्याची कातडी तडकून त्यातून तेल ठिपकतं तो आवाज मलाही ओळखू येतो. कागदात गुंडाळलेला बांगडा घेऊन हे आले, बोटांनी काटा सोडवला, डोकं आधी बाजूला ठेवलं (ते शेवटी खायचं असतं), पहिला तुकडा तोंडात टाकून बराच वेळ चावत राहिले.

"मीठ बरोबर आहे," शेवटी म्हणाले. "तिरफळं नाहीत."

याहून मोठी दाद मी आजवर त्यांच्याकडून ऐकलेली नाही.

एक दिवस लोकलनं फ्रायझिंगला गेलो. स्टेशनवर उतरून टेकडी चढली की वाइहेनश्टेफान. तिथे बेनेडिक्टाइन साधूंचा मठ होता. १०४० सालापासून तिथे बिअर होते, आणि आजही चालू असलेली जगातली सर्वांत जुनी ब्रुअरी आम्हीच, असा त्यांचा दावा. आता ती बव्हेरिया सरकारची आहे. सरकारी बिअर, याची ह्यांना फार मौज वाटली. आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो वास. गोडसर, भाजका, ओळखीचा. दाखवणाऱ्या मुलीनं बार्ली हातावर ठेवली, चावून बघा म्हणाली. मी चावली आणि म्हणाले, "अगं, हे तर सत्व!" नातवासाठी मी नाचणी भिजवते, फडक्यात बांधून मोड आणते, वाळवते, भाजते, दळते. हे तेच करतात. भिजवून मोड आणायचे, मोड फार वाढायच्या आत गरम हवेनं वाळवायचे. मोड येताना दाण्यात जो पाचक रस तयार होतो, तोच पुढे गरम पाण्यात पिठूळ भागाची साखर करतो. बाळाला पचतं ते त्यामुळे, आणि यीस्टला खायला मिळतं तेही त्यामुळेच. लेकीनं हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा त्या मुलीनं नाचणीचं नाव वहीत लिहून घेतलं.

बव्हेरियाचा तो प्रसिद्ध १५१६चा नियम तिथल्या माणसांच्या तोंडी सारखा असतो. बिअरमध्ये बार्ली, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि पाणी, बास. यीस्टचा उल्लेखच नाही, कारण यीस्ट म्हणजे काय ते तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. आपल्या आज्या विरजण लावायच्या, त्यांना तरी कुठे जिवाणू माहीत होते. गव्हाची बिअर मात्र तिथली मला राडलरपेक्षा आवडली, हे इथे लिहून टाकते. उंच पेला, ढगाळ रंग, आणि नाकाशी नेल्यावर चक्क पिकल्या केळ्याचा वास. यीस्टच तो वास तयार करतं. वसईच्या केळ्यांचा आहे, असं मी म्हटलं. ह्यांच्या मते राजेळीचा.

परतताना जावयानं आणखी एक सांगितलं, ते मला विसरता येत नाही. उन्हाळ्यातही थंडीत मुरणारी बिअर करता यावी म्हणून इथल्या बिअरवाल्यांनी कार्ल लिंडे नावाच्या म्युनिकच्या प्राध्यापकामागे पैसा उभा केला. १८७०च्या दशकात त्याचं यंत्र स्पाटन नावाच्या ब्रुअरीत बसलं. त्याआधी हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून तळघरांत भरायचे. आपल्या मुंबईत तर बर्फ अमेरिकेहून जहाजानं यायचा. म्हणजे माझ्या ओट्याशेजारच्या फ्रिजचे, ज्यात मी आयुष्यात बिअर ठेवू दिली नाही, त्याचे पणजोबा बिअरसाठी जन्मलेले. हे माझ्याकडे बघून नुसते हसले.

शहरातल्या बाजाराबद्दल फार लिहीत नाही. फिक्टुआलियनमार्क्ट महाग आहे, टोमॅटोचे भाव बघून मी हात मागे घेतला. पण तिथेही मधोमध चेस्टनटांखाली बिअर गार्डन, शहरातल्या सहा जुन्या ब्रुअऱ्यांची बिअर आळीपाळीनं. आणि कारंजी. राजांची नाहीत, विनोदी नटांची. कार्ल वालेंटिनच्या पुतळ्याच्या हातात कुणीतरी ताजी फुलं खोचली होती. आपल्याकडे नटाच्या नावे चौक होतो आणि त्या चौकात होर्डिंग लागतं, असं हे म्हणाले.

शेवटच्या संध्याकाळी पुन्हा ऑगुस्टिनरलाच गेलो. ते मुळावाले जोडपं दिसलं नाही. शेजारी बसलेल्या माणसानं १९९५ची गोष्ट सांगितली. शेजाऱ्यांनी गोंगाटाची तक्रार केली, कोर्टानं एका बिअर गार्डनला रात्री साडेनऊलाच बंद करायला सांगितलं, तर वीस हजारांहून जास्त लोक रस्त्यावर उतरले. क्रांती म्हणतात म्हणे तिला. आता अकरापर्यंत बसू देतात. तो तेव्हा मोर्च्यात होता. मी विचारलं, घोषणा काय होत्या? त्याला आठवेना.

मुळ्याचं ते पातं मी विकत आणलंय. जुलैत परत आलो, पार्ल्याच्या बाजारातून मुळा घेतला. आपले मुळे बारीक, पहिले दोन तुटले. तिसरा जमला. एका रविवारी ह्यांना म्हटलं, चला, बागेत जाऊन खाऊ. पाऊस उघडला होता. बाक पुसलं, डबा उघडला, मुळा उलगडला, मीठ घातलं, मिटून डब्याच्या झाकणावर उभा केला. हे हात पुढे करणार तोच मी चापट मारली.

तेवढ्यात शिट्टी. दुपारची बाग बंद व्हायची वेळ झाली होती. रखवालदार लांबूनच हात हलवत आला, मुळ्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "काका, घरी जाऊन खावा की."

घरी न जाता आम्ही स्टेशनवर गेलो. दादरची दोन तिकिटं काढली, एक नंबरच्या प्लॅटफॉर्मवर बाकावर बसलो. डबा मांडीवर. दोन स्लो लोकल सोडल्या.

"सुटलं का पाणी?"

"थांबा हो. आत्ता कुठे सुटतंय."